गाडीवर काँक्रीट उडालं, तर पटाशी आणि अ‍ॅसिड लांब ठेवा : मुंबईतल्या बांधकाम कंत्राटदारांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतले विकासक, रस्ते-पूल-मेट्रोच्या कामांचे कंत्राटदार, रेडिमिक्स प्लांटचे मालक आणि त्यांच्या साइटवरचे इंजिनिअर व सुपरवायझर यांस

विषय : गाड्यांवर उडालेलं काँक्रीट काढण्याची चुकीची पद्धत थांबवणे आणि भरपाईची लेखी सोय करणे

स.न.वि.वि.

आम्ही मुंबईत गाड्यांचं रंगकाम, पॉलिश आणि डिटेलिंग करणारे कारागीर. तुमच्या साइटखाली उभ्या राहिलेल्या गाड्या शेवटी आमच्याकडे येतात. त्यांच्यावरचं भरून न येणारं नुकसान बहुतेक वेळा काँक्रीट काढताना झालेलं असतं आणि काढणारा माणूस तुमच्याच साइटवरून आलेला असतो. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

शहरात काम होऊ नये असं आमचं मुळीच म्हणणं नाही. महापालिकेच्या दोन टप्प्यांत मिळून सातशे किलोमीटरच्या आसपास रस्ते काँक्रीटचे होताहेत, गिरगाव-लालबागपासून पार्ले-चेंबूरपर्यंत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत, मेट्रोचे खांब भरले जाताहेत. चाळीतल्या आणि जुन्या सोसायटीतल्या माणसाला पार्किंग नाही, त्याची गाडी रस्त्यावरच उभी राहणार. टॅक्सी आणि रिक्षा तर रस्त्यावरच असतात. थोडे शिंतोडे उडणार हे आम्हाला कळतं. उडाल्यानंतर जे होतं ते मात्र मान्य होण्यासारखं नाही.

साइटवर ती पद्धतच पडून गेली आहे. गाडीमालक तक्रार घेऊन आला की सुपरवायझर एखाद्या मजुराला हाक मारतो. त्याच्या हातात पटाशी किंवा पत्र्याचा तुकडा, फरशीच्या अ‍ॅसिडची बाटली आणि गोणपाटाचा बोळा देतो. अर्ध्या तासात गोळे निघतात. गाडी ओली असते तोवर सगळं छान दिसतं. सुकून उन्हात आली की बॉनेटवर पांढरट ओरखडे आणि कडी उमटतात. त्या मजुराची यात काही चूक नाही, त्याला शटरिंगच्या प्लेटा साफ करायचं सामान देऊन गाडीवर पाठवलेलं असतं.

तक्रारी मांडण्याआधी, गाडीचा रंग म्हणजे काय आहे ते बघा. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या केसापेक्षाही तो बारीक असतो. चकाकी त्याचीच आणि उन्हापासून संरक्षणही त्याचंच. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३, म्हणजे तीव्र अल्कली. त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी होतात. गोळा पकड घेतो आणि त्याखालचा क्लिअर कोट भाजत जातो. काळं किंवा गडद निळं बॉनेट एप्रिलच्या दुपारी हात टेकवू देत नाही. तिथे पातळ शिंतोडा पाणी उडून लगेच सुकतो आणि बऱ्याचदा कच्चाच राहतो, म्हणून तो लवकर सुटतोही. रात्रीच्या भरणात, म्हणजे काँक्रीट ओतताना, पडलेला जाड गोळा मुंबईच्या दमट हवेत सावकाश मुरतो आणि दगड होतो. दोघांना एकच उपाय चालत नाही. तुमच्या साइटवर मात्र दोघांना एकच पटाशी.

तर पहिली तक्रार खरवडण्याची. मुंबईच्या काँक्रीटमध्ये आज बहुतेक ठिकाणी नदीची वाळू नसते, क्रश सँड असते. बेसॉल्ट फोडून केलेली, टोकदार कडांची. गोळ्यावर पटाशी लावून ढकललं की गोळा आधी तळाशी फुटतो आणि सुटलेले कण पटाशी आणि रंग यांच्यामध्ये अडकून पुढे घासत जातात. म्हणजे पटाशी रंगाला टेकली नाही तरी ओरखडा पडतोच. प्लास्टिकच्या पट्टीने कोरडं खरवडलं तरी तेच. नखाला अडकणारा ओरखडा क्लिअर कोटमध्ये खोल गेलेला असतो. तो पॉलिशने जात नाही, पॅनेल रंगवावं लागतं. आणि बॉनेट रंगवलं की शेजारच्या फेंडरशी शेड जुळवायला त्यावरही रंगाचा फवारा न्यावा लागतो. तुमच्या मजुराचे दोन मिनिटांचे चार हात, आणि गाडीचे दोन-तीन पॅनेल.

दुसरी तक्रार अ‍ॅसिडची, आणि ती जास्त गंभीर आहे. फरशीचं अ‍ॅसिड म्हणजे बहुतांशी हायड्रोक्लोरिक. ते सिमेंटवर फसफसतं, गोळा डोळ्यादेखत विरघळतो, म्हणून साइटवर त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा. पण ते जागेवर राहत नाही. ओघळून बॉनेटच्या कडेत, बिजागरीत, काचेखालच्या जाळीत, दाराच्या तळाच्या शिवणीत जाऊन बसतं. तिथे पत्र्याचा जोड असतो, रंग सगळ्यात पातळ असतो आणि पाणी मारलं तरी पोचत नाही. काही महिन्यांनी आतून गंज वर येतो, तेव्हा त्याचा संबंध तुमच्या साइटशी कोणी लावत नाही. ब्रेक डिस्कवर ते पडलं तर काही तासांत नारिंगी गंज चढतो. क्रोमच्या पट्ट्या डागाळतात, अ‍ॅलॉय व्हीलच्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात. टॅक्सी आणि जुन्या गाड्यांची गत याहून वाईट, कारण त्यांना जागोजागी पुट्टी भरलेली असते. रंगाला चीर असेल तर पुट्टी अ‍ॅसिड शोषून घेते आणि पुढे तिथे फोड येतात. बेसमेंट पार्किंगमध्ये बाटली उघडली तर नुसत्या वाफेने शेजारच्या गाड्यांचे नटबोल्ट गंजतात. टाइल आणि काच साफ करायच्या काही द्रावणांत फ्लोराइड असतं. त्याने विंडस्क्रीन कायमची धुरकट होते आणि वापरणाऱ्याच्या हाताची वाट लागते. बिनहातमोज्याने ते काम करणारा माणूस तुमचाच आहे, हेही लक्षात घ्या.

तिसरी तक्रार : तुम्ही कळवत नाही. साध्या सिमेंटचं पहिलं घट्ट होणं किमान अर्ध्या तासानंतर सुरू व्हावं असं मानकच आहे. प्लांटवरून तयार येणाऱ्या रेडिमिक्समध्ये तर रिटार्डर, म्हणजे सिमेंट उशिरा घट्ट करणारं रसायन, असतो, कारण गाडी ट्रॅफिकमध्ये अडकणार हे धरूनच मिश्रण ठरवलेलं असतं. म्हणजे सावलीतल्या किंवा रात्रीच्या गाडीवर पडलेला शिंतोडा बराच वेळ नुसत्या पाण्याने निघतो. साइटवर टँकर असतो, पाइप असतो, माणसं असतात. तरी भरणं पहाटेपर्यंत चालतं, खाली दहा गाड्यांवर माल पडलेला असतो, आणि मालकाला सकाळी ऑफिसला निघताना कळतं. त्यातही तो सवयीने वायपर सुरू करतो आणि काचेवर दोन कायमच्या कमानी उमटतात. काचेवर नुसता एक कागद लावला असता, ‘वायपर चालवू नका, साइट ऑफिसात या’, तरी ती काच वाचली असती.

चौथी तक्रार रस्त्याच्या कामांची. तिथे गाडीवर येणारा पांढरा थर दर वेळी सिमेंटचा नसतो. काँक्रीटचा ओलावा टिकावा म्हणून त्यावर पांढरं क्युरिंग कंपाउंड फवारतात आणि दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की त्याचा तुषार शेजारच्या गाड्यांवर बसतो. ते बऱ्याचदा मेणावर आधारलेलं असतं. त्याला व्हिनेगर लागू पडत नाही, अ‍ॅसिडही नाही. मऊ कापडाला टार रिमूव्हर (डांबराचे डाग काढायचं द्रावण) किंवा टर्पेंटाइन लावून आधी आडजागी तपासायचं, मग थोडं थोडं पुसायचं आणि लगेच शॅम्पूने धुवायचं. साइटवर मात्र ‘चुना आहे, धुतला की जाईल’ असं सांगून मालकाला वाटेला लावतात. तो घासत बसतो. कोणतं कंपाउंड वापरलं त्याचा डबा दाखवायला काय हरकत आहे? जॉइंट कापताना उडणारा गाळ तिसऱ्याच जातीचा. तो दगड-सिमेंटचा पिठासारखा चुरा असतो, त्यावर फक्त पाणी सोडायचं, सुकं फडकं अजिबात फिरवायचं नाही.

पाचवी : ‘इन्शुरन्समधून करून घ्या’ हे उत्तर. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत दर क्लेमला १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारचे १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीचे २,००० रुपये मालकाच्याच खिशातून जातात, आणि पुढच्या नूतनीकरणाला नो क्लेम बोनस जातो. हा बोनस २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. चूक तुमची आणि वर्षानुवर्षं जमवलेली सवलत त्याची. ज्याच्याकडे नुसती थर्ड पार्टी पॉलिसी आहे, त्या रिक्षावाल्याला तर यातून काहीच मिळत नाही. तुमच्या कामावर सहसा कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी असते आणि तिच्यात तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा भाग घेता येतो. तो घेतला असेल तर वापरा, नसेल तर घ्या.

माल उडू न देण्याबद्दलही बोलायला हवं, कारण उडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पंपाची लाइन साफ करताना स्पंज बॉल मागून दाबाने ढकलतात. टोकाला तो बॉल अडवणारी जाळी, बॉल कॅचर, नसेल तर शेवटचा माल फवाऱ्यासारखा सुटतो आणि त्या टप्प्यात माणूस असेल तर जिवावर बेततं. ट्रान्झिट मिक्सर गळ्यापर्यंत भरलेला असतो आणि चढावर किंवा गतिरोधकावर मागून ओघळतो. माल ओतल्यावर च्यूट, म्हणजे माल खाली सोडायची मागची पन्हळ, न धुता, न बांधता गाडी निघते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धुळीसाठी नियमावली काढली. ७० मीटरहून उंच इमारतींच्या साइटला ३५ फुटी पत्रे, बांधकामाला सगळ्या बाजूंनी हिरवं कापड किंवा ताडपत्री, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुणं हे सगळं त्यात आहे. पण हिरवं कापड बऱ्याच ठिकाणी दोन मजले खाली थांबतं आणि ज्या स्लॅबवर भरणं चालू आहे त्याची कड उघडीच राहते. माल तिथूनच पडतो.

आता काढायची योग्य रीत. ही छापून साइट ऑफिसात लावा, आमच्या नावाची गरज नाही.

माल ओला असेल तर फक्त पाणी. पाइपचं तोंड मोकळं ठेवून, कमी दाबाने, टपापासून खाली, भरपूर. हात, फडकं, ब्रश काहीही लावायचं नाही. जेट जवळून मारायचा नाही, तो कणच रंगावर आपटतो. चाकांच्या कमानी आणि काचेखालची जाळी विसरायची नाही. लगेच धुणं शक्य नसेल तर लिटरभर पाण्यात शंभर-दीडशे ग्रॅम साखर विरघळवून त्यात भिजवलेलं सुती कापड शिंतोड्यांवर पसरून ठेवा. साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. ड्रममध्ये माल अडकला की साखर टाकायची, हे तुमच्या मिक्सरच्या ड्रायव्हरला पाठ आहे. तेच ज्ञान गाडीवर वापरा, फक्त नंतर भरपूर पाण्याने धुऊन काढा.

माल घट्ट झाला असेल तर घाई सोडा. गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा, सुटी धूळ पाण्याने घालवा. मग घरातलं पांढरं व्हिनेगर, ज्यात ४-५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, तेवढंच पाणी घालून घ्या. आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावून रंग बदलतो का ते बघा. कापसाची किंवा जुन्या बनियनची घडी त्यात भिजवून नेमकी गोळ्यावर ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा झाका म्हणजे सुकणार नाही. दहा-पंधरा मिनिटांनी धुवा, पुन्हा नवी घडी ठेवा. व्हिनेगर रंगावर सुकू द्यायचं नाही, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. व्हिनेगर सिमेंटमधला चुना खातं, वाळू खात नाही. म्हणून गोळा विरघळून नाहीसा होत नाही, तो भुसभुशीत होतो आणि नखाने दाबल्यावर दाणे सुटायला लागतात. पातळ शिंतोडा दोन-तीन फेऱ्यांत सुटतो. जाड गोळ्याला अर्धा दिवस लागू शकतो. काकवीसारख्या साखरेच्या पाकावर बनलेली काँक्रीट रिमूव्हर मिळतात, ती रंगाला जास्त सौम्य आणि कामाला जास्त सावकाश. आठवडे झालेल्या मोठ्या गोळ्यासाठी आम्ही तीच वापरतो.

गोळा उंच असेल तर तो ढकलायचा नाही. लहान पकडीने त्याचा फक्त वरचा भाग चिमटीत धरून चुरडायचा, पकडीचं तोंड रंगाला टेकणार नाही अशा बेताने. जोर गोळ्यातच जिरला पाहिजे. मग पुन्हा भिजवायचं. पडलेला प्रत्येक दाणा पाण्याने वाहून गेल्याशिवाय पुसायचं नाही. शेवटी जो करडा पापुद्रा राहतो त्यावर शॅम्पूचं दाट पाणी मारून बारीक प्रतीचा क्ले बार (रंगावरची चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी) हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवायचा. दर दोन-तीन हातांनी क्ले मुडपून स्वच्छ बाजू घ्यायची, आणि खाली पडला तर टाकून द्यायचा. नंतर पूर्ण गाडी शॅम्पूने धुवायची आणि शिवणींत एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून ते पाणी सोडायचं, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. पुन्हा साधं पाणी.

एवढं झाल्यावर गोळ्याच्या जागी फिकट कडं दिसलं तर ते अल्कलीने भाजल्याचं. तिथे मशीन लावण्याआधी रंगाची जाडी गेजने मोजा. रीडिंग आसपासच्या पॅनेलपेक्षा बरंच कमी असेल तर आधी कोणीतरी घासलेलं आहे. मध्यम पॉलिशच्या एका फेरीत दोन-तीन मायक्रॉन जातात आणि गाडीच्या आख्ख्या आयुष्यात दहाएक मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नयेत. पॉलिशने कडं गेलं नाही तर वॉटर पेपर मारण्यापेक्षा ते राहू दिलेलं बरं, किंवा पॅनेल रंगवावं. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या टॅक्सीवर पॅडला रंगच लागतो, तिथे हात आणखी हलका. मॅट रंगावर क्ले नाही, पॉलिश नाही, फक्त भिजवणं. पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावलेल्या गाडीवरही तेच. नुकत्याच रंगवलेल्या गाडीवर, रंगाला महिना झाला नसेल तर, ती आधी रंगवणाऱ्याला दाखवा.

काचेवर भिजवून झाल्यावर धारदार नवं ब्लेड होल्डरमध्ये घालून, साबणाचं पाणी सोडत, एकाच दिशेला चालवायचं. आतून फिल्म असलेल्या किंवा डिफॉगरच्या तारा असलेल्या बाजूला ब्लेड नाही. रबराच्या बीडिंगला आणि काळ्या प्लास्टिकला व्हिनेगर आणि मऊ ब्रश पुरतो. अ‍ॅल्युमिनियमला सिमेंटची अल्कलीही खाते, म्हणून चाकं सगळ्यात आधी धुवायची.

आमच्या मागण्या :

१. साइटवरच्या कोणाही माणसाने गाडीवर पटाशी, पत्रा, तारेची घासणी किंवा अ‍ॅसिड लावायचं नाही, मालकाने सांगितलं तरी नाही. हे सुपरवायझरला लेखी द्या.

२. भरणं चालू असताना खाली एक माणूस पाण्याच्या पाइपसह नेमा. त्याचं काम फक्त आजूबाजूच्या गाड्या बघणं. माल पडला की त्याने लगेच पाणी सोडायचं आणि काचेवर साइटचा फोन नंबर असलेला कागद लावायचा.

३. भरण्याच्या आदल्या दिवशी सोसायट्यांच्या वॉचमनला, टॅक्सी-रिक्षा स्टँडला आणि दुकानदारांना वेळ आणि जागा कळवा. ज्यांना गाडी हलवता येत नाही त्यांना साइटने कव्हर द्यावं. रिक्षाच्या हुडलासुद्धा.

४. पंपाच्या टोकाला बॉल कॅचर, मिक्सरच्या च्यूटला झाकण किंवा पिशवी, आणि चालू स्लॅबच्या कडेला जाळी असल्याशिवाय भरणं सुरू करू नका. प्लांटवाल्यांनी चढाच्या रस्त्यावर मिक्सर पूर्ण भरून पाठवू नये.

५. कोणतं क्युरिंग कंपाउंड वापरलं ते साइटच्या फलकावर लिहा.

६. नुकसान झालं तर गाडीमालकाने निवडलेल्या कारागिराकडून, रंगाच्या जाडीच्या रीडिंगसह लेखी अंदाज घ्या आणि तो खर्च सात दिवसांत द्या. टॅक्सी, रिक्षा आणि टेम्पोवाल्याला गाडी उभी राहिलेल्या दिवसांची रोजची कमाईही द्या. त्याला इन्शुरन्सकडे पाठवू नका.

७. रेडिमिक्स आणि पंपाच्या उपकंत्राटदाराशी होणाऱ्या करारात ही जबाबदारी कोणाची ते आधीच लिहा. आज विकासक पंपवाल्याकडे बोट दाखवतो, पंपवाला मिक्सरकडे, आणि मिक्सर तोवर निघून गेलेला असतो.

तुमच्या साइटवरच्या माणसांना भिजवून काढण्याची रीत शिकवायची असेल तर आम्ही येऊन, माल पडलेल्या गाडीवरच करून दाखवू. त्याचे पैसे घेणार नाही. पावसाळ्यानंतरची कामं १ ऑक्टोबरला सुरू होतात, त्याआधी या मागण्यांवर तुमचं लेखी उत्तर हवं आहे.

कळावे,

आपले,
मुंबईतले गाड्यांचे रंग आणि पॉलिश कारागीर